हैतीतल्या एका गावासाठी बॉस्टनमध्ये जमणारी वर्गणी: तुम्ही दिली असती का?

मृण्मयी_बॉस्टन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात रात्रपाळी करते. तिथे हैतीच्या एक बाई आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांचे लोक त्यांना 'मातांत' म्हणतात, क्रेओल भाषेत मावशी. मग मीही त्यांना मावशीच म्हणू लागले. मावशींचं गाव हैतीच्या, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या त्या देशाच्या, नैर्ऋत्य टोकाला, ग्रांदांस विभागात, जेरेमी शहराच्या वर डोंगरात. गाव एवढंसं आहे, म्हणून नाव देत नाही. तिथली चाळीसेक घरं आता बॉस्टन, ब्रॉक्टन, ब्रुकलिन आणि मायामीत आहेत, आणि सगळ्यांनी मिळून एक संस्था उभी केली आहे. गावची प्राथमिक शाळा तिच्या पैशावर चालते. ऑक्टोबर २०१६मध्ये मॅथ्यू वादळाने शाळेचे पत्रे उडवून नेले, ते यांनीच पुन्हा घातले.

१८ मेला हैतीचा झेंडादिन. त्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये संस्थेचं जेवण असतं, तिकीट ६० डॉलर. ते मी दरवर्षी घेतेच. यंदा मावशींनी वेगळंच मागितलं. म्हणाल्या, "आमचे हिशेब आमच्यातलाच कुणीतरी बघतो आणि मग त्यावरून भाऊबंदकी होते. तू परकी आहेस, तू बघ. आणि वर्षाला काहीतरी ठरवून देत जा."

नवरा म्हणतो, द्यायचेच तर नावाजलेल्या मोठ्या संस्थेला दे, या घरगुती कारभारात पैसा कुठे मुरतो ते कळायचं नाही. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून अडकलेय. परदेशी गेलेल्यांनी आपल्या गावासाठी चालवलेल्या अशा संस्थेत कोणी काम केलंय का? हैती कोणी जवळून पाहिलाय का?

केवडा

द्या. आणि हिशेब बघायचं काम तर नक्कीच घ्या, असं कोणी आपणहून बोलावत नाही.

मोठ्या नावांबद्दल एवढंच सांगते. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर जगभरातून हैतीसाठी पैशांचा पूर आला. २०१५मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या अमेरिकन वृत्तसंस्थांनी मिळून शोध घेतला, तर अमेरिकन रेड क्रॉसने जवळपास ५० कोटी डॉलर जमवले होते आणि कायमची घरं बांधून झाली होती सहा. संस्थेने हे चित्र मान्य केलं नाही. घरदुरुस्ती, भाडं, तात्पुरता निवारा धरून लाखभर लोकांना मदत केली असं तिचं म्हणणं होतं. ते धरूनही विचार करा, जेरेमीजवळच्या डोंगरातली बाई त्या संस्थेला जाब विचारायला कुठे जाणार होती?

दुसरं उदाहरण तर फारच वाईट. भूकंपाच्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा आला. मिरबाले गावाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण आर्तिबोनीत नदीच्या पाण्यात गेली. साधारण १० हजार माणसं गेली. माफी मागायला संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०१६ उजाडला.

मावशींना मात्र गावात जावंच लागतं. लग्नाला, मयताला. त्यांना तोंड लपवता येणार नाही.

सावंतवाडकर

केवडा, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा +१.

मृण्मयीताई, तुम्ही लिहिलंय ते सगळं आमच्या घरचंच आहे, फक्त समुद्र मोठा. आजोबा लालबागला गिरणीत होते. गावची पंचवीस-तीस माणसं एका गाळ्यात राहायची, आणि महिन्याला चार आणे काढून 'गावकरी मंडळ' चालायचं. त्या पैशातून गावची शाळा कौलारू झाली, विहिरीला कठडा बांधला, पुढे साकव झाला. ग्रामपंचायतीने नाही, सरकारने नाही, चाकरमान्यांनी केलं. गणपतीला गावी आल्यावर पहिल्या रात्री आरतीनंतर हिशेब वाचायचा, हा नियम. एकदा खजिनदाराकडे बावीस रुपये कमी भरले. तो माणूस त्यानंतर दोन वर्षं गणपतीला आला नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण तुम्ही हिशेबाला बसणार आहात. आमच्या लहानपणी मंडळाच्या मुंबईकरांनी ठरवलं, देवळाला संगमरवरी सभामंडप हवा. गावातल्या बायकांना हवं होतं नळाचं पाणी. एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन अर्धा मैल चढ चढायला लागायचा. मुंबईहून वर्षातून दहा दिवस येणाऱ्याला तो चढ दिसत नव्हता, कारण तो भाद्रपदात यायचा, आणि तेव्हा दारात पाणी असतं. माझी आजी भर सभेत उभी राहून म्हणाली, "तुमी मे म्हयन्यात येवा, मगे ठरवा." सभामंडप झालाच. पाणी नऊ वर्षांनी आलं.

तेव्हा मावशींना विचारा, काय करायचं हे ठरवतो कोण? पैसे देणारे की गावात राहणारे?

हिशेबनीस

मी इथे न्यू जर्सीत धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

आपल्या माणसाने आपल्या देशासाठी काढली म्हणून संस्था नीट चालते असं नाही. वायक्लेफ जाँ हा हैतीत जन्मलेला मोठा गायक. त्याच्या येले हैती या संस्थेकडे भूकंपानंतर लोकांनी भरभरून पैसे दिले, कारण माणूस आपला, भाषा आपली. पुढे न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने कारभार तपासायला घेतला आणि २०१२मध्ये संस्था बंद पडली. मन मोठं असणं आणि वही नीट असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आधी संस्था करमुक्त म्हणून नोंदलेली आहे का ते बघा. वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत जमा असेल तर करखात्याला पूर्ण विवरणपत्र द्यावं लागत नाही, एक छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो. म्हणजे सरकारी कागदावरून तुम्हाला जवळपास काहीच कळणार नाही, वह्याच मागाव्या लागतील. बँक खात्यावर दोन सह्या आहेत का? पैसे तिकडे कोणाच्या नावावर जातात, आणि तो माणूस खजिनदाराचा मेव्हणा आहे का? मेव्हणा असला तरी हरकत नाही, पण मग घेतल्याची सही दुसऱ्याची हवी.

खरा प्रश्न शेवटचा. वर्गणी कशावर जाते, इमारतीवर की पगारावर? इमारतीला देणगीदार सहज मिळतात, कोनशिलेवर नाव येतं. पगाराला कोणी मिळत नाही, आणि शाळा बंद पडते ती पगाराअभावी.

शेवंती

हिशेबनीस, कोरडं कसलं, सोन्यासारखा प्रतिसाद आहे. मेव्हण्याचं वाचून आमच्या सोसायटीचे तीन खजिनदार डोळ्यांपुढून गेले :)

मृण्मयी, तुमच्या मावशींकडे भिशी असते का हो? इतकं सगळं आपल्यासारखं आहे म्हणून विचारतेय.

मृण्मयी_बॉस्टन

शेवंती, असते! तिला 'सोल' म्हणतात. आमच्या मजल्यावरच दहा जणींची आहे, दोन वर्षं मीही त्यात आहे. चिठ्ठ्या मात्र टाकत नाहीत, कोणाची नड मोठी ते बघून क्रम ठरतो. मुलाची फी, आईचं ऑपरेशन, मयताचा खर्च. बाजारातल्या बायकांची रोजची लहान भिशी असते, तिला वेगळा शब्द आहे, 'साबोताय'.

सावंतवाडकर, तुमच्या आजींचं वाक्य मी मावशींना सांगितलं. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही एक संगमरवर आहे, तुला दाखवीन."

मॉन्ट्रियलकर

इथे मॉन्ट्रियलला सेंमिशेल भागात माझे निम्मे शेजारी हैतीचे. साठच्या दशकात हुकूमशहा दुव्हालिएच्या राजवटीतून पळून डॉक्टर आणि शिक्षक आले. फ्रेंच येत असल्याने क्वेबेकला ते हवेच होते. शाळा आणि इस्पितळं वाढत होती, माणसं कमी होती. हैतीच्या उच्चशिक्षितांपैकी बहुसंख्य आज देशाबाहेर आहेत. परदेशस्थांनी देश चालवायला मदत करावी असं आपण म्हणतो, पण देशाला चालवू शकणारे हातच तिथून निघून आलेत, हे त्यातलं दुखणं आहे.

हैती गरीब का, असं कोणी विचारलं की माझा शेजारी १८०४पासून सुरुवात करतो. गुलामांनी बंड करून नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ला स्वतंत्र देश केला. १८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? तर मळे आणि गुलाम गेले त्याची भरपाई. १८३८मध्ये ती रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७पर्यंत चालले. स्वतःच्याच सुटकेची किंमत पिढ्यानपिढ्या भरत राहिलेला देश आहे हा. मग १९१५ ते १९३४ अमेरिकेचा ताबा, १९५७ ते १९८६ दुव्हालिए बापलेक.

बाहेर गेलेल्यांना हैतीत एक नाव आहे, 'दहावा विभाग'. देशाचे तेव्हा नऊ विभाग होते, म्हणून १९९०च्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष आरिस्तीदने परदेशस्थांना दहावा म्हणायला सुरुवात केली. २००३मध्ये ग्रांदांस तोडून नीप हा खराच दहावा विभाग झाला, त्यामुळे हल्ली कोणी कोणी अकरावा म्हणतात. नाव मोठं, हक्क मात्र लहान. १९८७च्या संविधानात दुहेरी नागरिकत्वाला जागाच नव्हती, ती २०१२च्या दुरुस्तीनंतर मिळाली. पैसा मात्र आधीपासून हवा होता. आज दरवर्षी ३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी जाते, देशाच्या उत्पन्नाच्या साधारण पाचवा हिस्सा.

२०११मध्ये सरकारने परदेशातून घरी येणाऱ्या प्रत्येक रकमेवर दीड डॉलर आणि फोनवर मिनिटाला ५ सेंट लावले. मुलांना फुकट शिक्षण देण्यासाठी. माझा शेजारी म्हणतो, "पैसे कापल्याचं वाईट वाटलं नाही, हिशेब कोणी दाखवला नाही याचं वाटलं." मृण्मयी, तुमच्या मावशी हिशेबाला परकी मुलगी शोधतात, त्यामागे हे सगळं आहे.

वामन_नागपूर

सर्वांचा आदर राखून लिहितो. मराठवाड्यात आणि आमच्या विदर्भात शाळांची पटसंख्या घसरतेय, शेतकरी आत्महत्या करताहेत. मराठी माणसाने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या डोंगरातल्या शाळेला पैसे का द्यावेत? आधी आपलं घर.

रेखाताई

वामनराव, माझं माहेर औशाचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हलली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मामाच्या गावात घर म्हणून काही उभं राहिलं नाही. त्या पावसाळी दिवसांत ज्या तंबूत आम्ही झोपलो, त्यावरची अक्षरं आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती. कुठल्या देशातल्या कोणी दिला ते आजतागायत माहीत नाही. त्यांच्याही घरात अडचणी असतीलच ना?

तुम्ही विदर्भातल्या शाळेला द्या, मीही देते. त्यासाठी मृण्मयीने देऊ नये असं मला नाही वाटत.

वामन_नागपूर

रेखाताई, तंबूचं वाचून काय बोलावं सुचत नाही. मागे घेतो असं नाही म्हणत, पण विचार करतोय.

मृण्मयी_बॉस्टन

वामनजी, तुमचा प्रश्न नवऱ्यानेही विचारला होता. माझ्याकडे उत्तर असं एकच आहे. माझी मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा नाकारला गेला. रात्रपाळी संपवून मावशी बसने माझ्याकडे यायच्या, बाळाला तेल लावायच्या, मला भात खायला घालायच्या आणि मग घरी जाऊन झोपायच्या. चाळीस दिवस. माझ्यासाठी ते गाव दुसऱ्या टोकाला नाहीये.

तांबडी_माती

सातारा जिल्ह्यात शेती करतो, हैतीला गेलेलो नाही, पण भातामुळे त्या देशाबद्दल वाचलंय. आर्तिबोनीत खोरं म्हणजे त्यांचं भाताचं कोठार. १९९५च्या सुमारास आयात तांदळावरचा कर ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायला लावला. अमेरिकेचा अनुदानावरचा स्वस्त तांदूळ आला, त्याला तिथे 'मायामी तांदूळ' म्हणतात. खोऱ्यातला शेतकरी बसला. बिल क्लिंटन यांनी मार्च २०१०मध्ये सिनेटच्या समितीपुढे ही आपली चूक होती असं कबूल केलं, आर्कान्सामधल्या आपल्या शेतकऱ्यांचं भलं झालं पण हैतीचं नुकसान झालं म्हणाले. कबुलीने शेत परत उभं राहत नाही.

म्हणून मावशींच्या संस्थेला एक सांगा: जेवण द्यायचं असेल तर तांदळाची पोती पाठवू नका, जुने कपडेही नकोत. पैसे पाठवा आणि गावातल्याच माणसाकडून मका, रताळी, शेंगा विकत घ्या.

आणखी एक, वाचून अंगावर काटा आला होता. त्यांच्याकडे 'कोंबीत' म्हणून पद्धत आहे. आज तुझ्या रानात सगळ्यांनी कुदळ मारायची, उद्या माझ्या. ढोल वाजतो, गाणी म्हणतात, मालकाने जेवण घालायचं. अहो, ही आपली इर्जिक! सावड म्हणा, वारंगुळा म्हणा. त्यांची म्हण आहे, 'में आंपिल, शाय पा लू': हात पुष्कळ, तर ओझं जड नाही.

शेवंती

मालकाने जेवण घालायचं हे कलम सगळ्या जगात सारखंच निघालं :) अवांतर: मृण्मयी, त्या झेंडादिनाच्या जेवणात काय असतं?

मृण्मयी_बॉस्टन

डुकराचं तळलेलं मांस, 'ग्रियो'. दाबून तळलेली कच्ची केळी. काळ्या अळंबीचा भात. आणि 'पिकलीझ': कोबी, गाजर, कांदा व्हिनेगरमध्ये मुरवून त्यात जहाल मिरची. आपल्या लोणच्याची आणि कोशिंबिरीची सोयरीक झाल्यासारखं लागतं. मी वरण-भाताबरोबर खाते.

१ जानेवारीला मात्र भोपळ्याचं सूप, 'सूप जूमू'. गुलामगिरीत ते मालकांच्या ताटातलं होतं, करणाऱ्यांनी खायचं नाही. म्हणून स्वातंत्र्यदिनी प्रत्येक घरात तेच. २०२१मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलं तेव्हा मावशींनी अख्ख्या वॉर्डाला पाजलं.

केवडा

सूपाची कृती स्वतंत्र धाग्यात हवी. लवकर काढा.

गुरुजी_कागल

मी जिल्हा परिषद शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. एक गोष्ट अजून कोणी विचारली नाही: त्या शाळेत शिकवतात कोणत्या भाषेत?

हैतीत सगळे क्रेओल बोलतात. फ्रेंच येतं थोड्यांना. १९८७च्या संविधानाने दोन्ही राजभाषा केल्या, तरी पुष्कळ शाळांत पुस्तकं फ्रेंच आणि घोकंपट्टीही फ्रेंचमध्ये. क्रेओल बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत आलीय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मिशेल देग्राफ हे मूळ हैतीचे. ते लहानपणी अशाच शाळेत शिकले. भूकंपानंतर त्यांनी एमआयटी-हैती उपक्रम उभा केला. गणित, विज्ञान क्रेओलमध्ये शिकवायचं साहित्य तयार होतं, हैतीतल्या शिक्षकांचीच शिबिरं होतात. ला गोनाव्ह बेटावर मातेनवा गावची शाळा आहे, १९९६पासूनची. तिथे मुलं क्रेओलमध्ये वाचायला शिकतात, स्वतःच्या गोष्टींची पुस्तकं स्वतः करतात, परसबाग राखतात आणि मारायला बंदी. परक्या भाषेत सुरुवात करणाऱ्या पोरांपेक्षा तिथली पोरं वाचनात कितीतरी पुढे निघाली.

परदेशी गेलेला माणूस हा या बाबतीत फार अडचणीचा देणगीदार असतो. ज्या भाषेने आपण वर चढलो तीच पोरांना द्यावी असं त्याला वाटतं. माझ्या शाळेला पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मदत देऊ केली होती, अट एकच, पहिलीपासून इंग्रजी करा. आम्ही ती मदत घेतली नाही. पुढची चार वर्षं गळक्या वर्गात बसलो. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

प्राची_मायामी

गुरुजी, तुम्हाला नमस्कार.

मी मायामीत राहते. मायामी नदीवर हैतीला जाणारी छोटी जहाजं लागतात. गाद्या, सायकली, निळी पिंपं इतकी रचलेली असतात की खालचं जहाज दिसत नाही. आपल्या माणसासाठी काहीतरी हातात घेऊन पाठवावंसं वाटणं मला समजतं. पण आमच्या फ्लोरिडातच पी४एच ग्लोबल नावाची संस्था आहे, हैतीत जन्मलेल्या विद्यार्थिनीने विद्यापीठात असतानाच सुरू केलेली. सुरुवातीला त्यांनीही वस्तूच वाटल्या. मग लक्षात आलं की वाटून काही बदलत नाही, आणि आता त्या फक्त तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण देतात.

लांबी फंडबद्दलही वाचा. १९९४मध्ये हैतीतल्या, परदेशस्थ हैतीयन आणि अमेरिकन लोकांनी मिळून सुरू केला. काय हवं ते खेड्यातली शेतकरी मंडळं ठरवतात, दळणाची गिरणी, बकऱ्या, रोपवाटिका, आणि फंड फक्त पाठीशी राहतो. लांबी म्हणजे शंख. बंडाच्या वेळी गुलाम शंख फुंकून एकमेकांना हाक द्यायचे.

जुना_पोस्टमन

पैसे पाठवायचे म्हणता, पण सध्या ते पोचतात कसे? बातम्यांत तर विमानतळ बंद, टोळ्यांचं राज्य, दहा लाखांहून जास्त माणसं घराबाहेर असं ऐकतो.

मृण्मयी_बॉस्टन

पोस्टमनकाका, चांगला प्रश्न. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा मुख्य रस्ता मार्तिसां भागात जून २०२१पासून टोळ्यांच्या हातात आहे. त्याच वर्षी ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष मोईझ यांची हत्या झाली आणि १४ ऑगस्टला दक्षिणेत ७.२ तीव्रतेचा भूकंप. नोव्हेंबर २०२४मध्ये राजधानीच्या विमानतळावर विमानांना गोळ्या लागल्या, तेव्हा अमेरिकेतून तिथे जाणारी विमानं थांबली. सामान जड झालंय, पैसे मात्र जातात. मोबाइलवरच्या मोनकॅश खात्यात थेट, आपल्या मनिऑर्डरीसारखे, फक्त पोस्टमनशिवाय.

आणि यातूनच केवडाने सुरुवातीला लिहिलेल्या मुद्द्याची अडचण मला दिसली. मावशींना गावात तोंड दाखवावं लागतं, म्हणून विश्वास. पण मावशी २०२१नंतर गावी गेलेल्याच नाहीत. बहीण वारली, तरी जाता आलं नाही. मग आता जाब कोण विचारणार?

केवडा

खरंय. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सावंतवाडकर

गावात बसलेल्या माणसांनीच विचारायचा. आणि तो विचारता येईल अशी सोय मंडळाने करून द्यायची. आमच्या आजीला सभेत बोलायला मिळालं, मत द्यायला नाही मिळालं. फरक तिथे आहे.

मृण्मयी_बॉस्टन

मंडळी, आठ दिवस गायब होते त्याबद्दल माफी. तुमचे सगळे प्रश्न कागदावर लिहून मावशींच्या घरी गेले. खजिनदारही आले होते. सांगते.

आधी संगमरवर. मॅथ्यूनंतर पत्र्यांसाठी जमलेल्या पैशांतून थोडे उरले, तर ब्रुकलिनच्या मंडळींनी दहा संगणकांची खोली करायला लावली. गावात वीज नाही. जनरेटर दिला, तेलाला पैसे नाहीत. दीड वर्षात सगळं गंजलं. हे मावशींनी स्वतःहून सांगितलं, फोटो दाखवले. खजिनदार खाली बघत होते. ती खोली आता धान्य ठेवायला वापरतात, आणि तांबडी माती, धान्य गावातूनच घेतात: मका, घेवडा, केळी.

शिक्षक सात. जवळपास सगळी वर्गणी पगारालाच जाते. हैतीत बहुतेक शाळा खाजगीच, सरकारी फार थोड्या, त्यामुळे पगार चुकला की शिक्षक निघून जातो. गेल्या वर्षी इथे तिघांच्या नोकऱ्या गेल्या, वर्गणी घटली आणि दोन महिने पगार अर्धेच गेले. तरी सातही जण येत राहिले. मावशी हे सांगताना रडल्या.

गुरुजी, पहिली ते तिसरी क्रेओल, मग हळूहळू फ्रेंच. आधी सगळं फ्रेंचच होतं. गावातल्या मुख्याध्यापिकेने भांडून बदललं, आणि इथल्या तीन घरांनी त्या रागाने वर्गणी बंद केली. तुमची आठवण आली.

सावंतवाडकर, ठरवतो कोण? आजवर बॉस्टनच ठरवत होतं. गावात पालकांची समिती आहे, पण तिने फक्त कळवायचं. मी म्हटलं, मी हिशेब बघायला तयार आहे, पण माझी वही दोन ठिकाणी जाईल. जशी तुमच्या बैठकीत वाचायची, तशीच त्याच महिन्यात गावच्या समितीत क्रेओलमध्ये मोठ्याने वाचायची, आणि मोठा खर्च त्यांच्या होकाराशिवाय नाही. खजिनदारांना हे आवडलं नाही. म्हणाले, पैसे आमचे. मावशी म्हणाल्या, "शाळा त्यांची." मग बराच वेळ क्रेओलमध्ये वादावादी झाली, मला चार शब्द कळले असतील. शेवटी एक वर्ष करून बघायचं ठरलं.

नवऱ्याने मधूनच विचारलं, एका शिक्षकाच्या पगाराला वर्षाला किती लागतात. सांगितल्यावर म्हणाला, तेवढे आपण घेऊ.

वामन_नागपूर

मृण्मयीताई, अभिनंदन. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचं मानधन रखडलंय. गावातल्या पाच जणांनी मिळून त्याचं काहीतरी करायचं ठरवतोय. हिशेब चावडीवर वाचायची कल्पना इथून उचलली, सांगून ठेवतो.

तांबडी_माती

उचला की. इर्जिकच आहे ती.

मृण्मयी_बॉस्टन

हिशेबनीस, एक विनंती. वह्या तीन आहेत, एक फ्रेंचमध्ये, एक क्रेओलमध्ये, आणि एक खजिनदारांच्या अक्षरात जी कोणालाच वाचता येत नाही. पहिल्या बैठकीआधी एकदा माझ्यासोबत फोनवर बसाल का?

हिशेबनीस

रविवारी सकाळी दहाला. सगळ्या पानांचे फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा, रिकाम्या पानांचेसुद्धा. आणि पगाराच्या सह्यांचा कागद वेगळा काढून ठेवा, तिथूनच सुरुवात करू.